एका राज्यात बारा अजिंक्य संघ: टेक्सासच्या शालेय फुटबॉलची गटवारी पटावरून कशी होते

डिसेंबरमध्ये डॅलसजवळच्या आर्लिंग्टन शहरात, एटी अँड टी स्टेडियमवर, शाळकरी मुलांच्या फुटबॉलचे बारा अंतिम सामने चार दिवसांत खेळले जातात. शेवटी बारा शाळा करंडक घेऊन घरी जातात आणि बाराही जणी स्वतःला टेक्सासचे अजिंक्य संघ म्हणवतात. नव्याने तिकडे गेलेल्या मराठी पालकांना पहिला धक्का इथेच बसतो. एका राज्यात बारा विजेते कसे? आणि बातमीत लिहिलेलं ‘५ए डिव्हिजन २’ म्हणजे नेमकं काय?

आधी एक खुलासा. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल: लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर संरक्षक पॅड आणि एका वेळी मैदानात अकरा खेळाडू. टेक्सासमध्ये हा खेळ सुमारे बाराशे शाळा खेळतात. एखाद्या शाळेत सहा हजारांहून अधिक मुलं असतात, तर कुठे अख्ख्या शाळेत पन्नास. या सगळ्यांना एकाच स्पर्धेत बसवायचं तर गटवारी करावी लागते. ती कशी होते, हे एकदा समजलं की बातम्यांमधले आकडे आपोआप उलगडतात.

गट ठरतो तो पटावरून

आपल्याकडच्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये गट वयाचे असतात: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. कुस्तीत वजनाचे गट असतात. टेक्सासमध्ये मात्र मुलाचं वय किंवा वजन बघून गट पाडत नाहीत, शाळेचा पट बघतात. सर्वांत जवळचं उदाहरण खेळातलं नाहीच, ते नगरपरिषदांचं आहे. लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली की नगरपरिषद ‘अ’ वर्गात, चाळीस हजार ते एक लाख असेल तर ‘ब’ वर्गात, त्याखाली ‘क’ वर्गात. शहर किती देखणं आहे किंवा कारभार कसा आहे, याचा वर्गाशी संबंध नाही. माणसं मोजायची आणि वर्ग ठरवायचा. टेक्सासचा हिशोब तसाच आहे.

हे काम यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग, ही संस्था करते. ती ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखाली चालते आणि राज्यातल्या सरकारी शाळांच्या स्पर्धा भरवते. गट सहा आहेत. सर्वांत लहान शाळांचा १ए, सर्वांत मोठ्या शाळांचा ६ए. २०२२ ते २०२४ या दोन वर्षांसाठीच्या सीमा अशा होत्या:

१ए: १०५ पेक्षा कमी विद्यार्थी
२ए: १०५ ते २४९
३ए: २५० ते ५४४
४ए: ५४५ ते १,२९९
५ए: १,३०० ते २,२२४
६ए: २,२२५ आणि त्यापुढे

मोजताना नववी ते बारावीचे सगळे विद्यार्थी धरतात, मुली आणि मुलगे दोन्ही. फुटबॉल संघात किती नावं आहेत, हे कोणी विचारत नाही. प्लेनो शहरात नववी-दहावीची शाळा वेगळी आणि अकरावी-बारावीची वेगळी असते, तरी गट ठरवताना त्या चारही इयत्ता एकत्र मोजल्या जातात.

पट आणि खेळ यांचा संबंध काय?

या खेळात चढाईचे अकरा खेळाडू वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे ठेवता आले तर फार मोठा फायदा होतो. त्यात लाथेने चेंडू मारणारे एक-दोन जण, प्रत्येक जागेसाठी एकेक राखीव, असं धरत गेलं की पंचेचाळीस-पन्नास मुलं सहज लागतात.

आता समजा, शाळेत १२० विद्यार्थी आहेत. त्यांतले निम्मे मुलगे, म्हणजे साठ. त्यातल्या वीस-पंचवीस जणांनी खेळायचं ठरवलं तर ती मोठी गोष्ट. म्हणजे तीच मुलं चढाईला आणि तीच बचावाला. तिसऱ्या सत्रापर्यंत पाय जड होतात, एकाचा घोटा मुरगळला तर त्या जागी चौदा-पंधरा वर्षांचा नववीतला मुलगा उतरवावा लागतो, आणि समोरचा धडकायला येतो तो अठरा वर्षांचा. तीन हजारांच्या शाळेत त्याच जागेसाठी चार मुलं रांगेत असतात आणि थकलेला खेळाडू बाकावर बसून दम खातो.

दुसरी बाब शरीरयष्टीची. आघाडीच्या फळीला शंभर किलोच्या वरची, तरीही चपळ मुलं हवी असतात. अशी मुलं कुठल्याही गावात विरळाच. शंभरातून पाच शोधणं आणि दीड हजारातून पाच शोधणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. त्यामुळे गटवारी हा फक्त न्यायाचा प्रश्न नाही, मुलांच्या हाडांचाही आहे.

पन्नास मुलांच्या शाळेचं काय?

टेक्सासच्या व्यवस्थेतली माझ्या मते सर्वांत सुंदर गोष्ट इथे येते. १ए गटातल्या शाळांना अकरा जण उभे करायला सांगत नाहीत. त्यांच्यासाठी सहा जणांचा फुटबॉल आहे, आणि १ए च्या दोन्ही विजेतेपदांचे सामने याच खेळाचे असतात.

हा खेळ १९३४ मध्ये नेब्रास्का राज्यातल्या चेस्टर गावी स्टीफन एप्लर या शिक्षकाने बसवला. मंदीचे दिवस होते, गावोगावच्या लहान शाळांना अकरांचा संघ परवडत नव्हता. एप्लर यांनी खेळाचं माप त्या शाळांना बेतलं. मैदान १०० याऐवजी ८० यार्ड लांब आणि सुमारे ५३ याऐवजी ४० यार्ड रुंद. चार प्रयत्नांत १० यार्डांऐवजी १५ यार्ड पुढे जायचं, कारण मोकळ्या मैदानात पळणं सोपं. सहाही खेळाडूंना चेंडू झेलायची मुभा. सुरुवातीला चेंडू ज्याच्या हातात येतो त्याने तो दुसऱ्याला दिल्याशिवाय स्वतः, डाव जिथून सुरू झाला त्या रेषेपलीकडे पळायचं नाही, म्हणजे एकटा दांडगा मुलगा सगळा सामना खाऊन टाकत नाही. लाथेने गोल साधला तर तीनऐवजी चार गुण, कारण चेंडू अडवायला धावून येणाऱ्यांना रोखायला माणसंच कमी. मध्यंतराला किंवा त्यानंतर कधीही एक संघ ४५ गुणांनी पुढे गेला की सामना तिथेच थांबतो. या शेवटच्या नियमाचं मोल मोठं आहे: हरलेल्या मुलांची फरफट होत नाही, दुखापतीही टळतात.

सहा गट, मग विजेते बारा कसे?

प्रत्येक गटाचे पुन्हा दोन भाग पडतात: डिव्हिजन १ आणि डिव्हिजन २. पहिल्यात त्या गटातल्या मोठ्या शाळा, दुसऱ्यात लहान. सहा दुणे बारा. इथवर सरळ आहे. गुंता आहे तो हे भाग कधी पाडतात यात.

१ए ते ५ए मध्ये मोसम सुरू होण्याआधीच पटावरून रेघ ओढलेली असते. १ए मध्ये ती साधारण साठ विद्यार्थ्यांपाशी पडते. शाळेला दोन वर्षं आधीपासून ठाऊक असतं की आपण कुठे आहोत.

६ए मध्ये तसं नाही. तिथे साखळी फेरीत सगळ्या शाळा एकत्र खेळतात. शाळांची साखळी म्हणजे ‘डिस्ट्रिक्ट’. याचा सरकारी जिल्ह्याशी संबंध नाही. जवळपासच्या, एकाच गटातल्या पाच ते दहा शाळांची ती टोळी. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून चार संघ बाद फेरीत जातात. त्या चौघांपैकी ज्या दोन शाळांचा पट मोठा, त्या डिव्हिजन १ मध्ये; उरलेल्या दोन डिव्हिजन २ मध्ये. म्हणजे आपली शाळा कुठे जाणार हे आपल्यावर नाही, आपल्यासोबत कोण पात्र ठरलं यावर ठरतं.

आकड्यांनी पाहू. समजा, यंदा पात्र ठरलेल्या चार शाळांचे पट ३,४००, ३,१००, २,७०० आणि २,४०० आहेत. २,७०० वाली तिसरी, म्हणून डिव्हिजन २. पुढच्या वर्षी ३,४०० वाली घसरली आणि तिच्या जागी २,३०० वाली आली. आता तीच २,७०० वाली दुसरी झाली आणि डिव्हिजन १ मध्ये गेली. तिच्याकडे एकही मूल वाढलं नाही, कमी झालं नाही.

ऑस्टिनच्या वेस्टलेक शाळेचं हेच झालं. तिने ओळीने तीन विजेतेपदं मिळवली: २०१९ मध्ये डिव्हिजन २, २०२० मध्ये डिव्हिजन १, २०२१ मध्ये पुन्हा डिव्हिजन २. ही नोंद वाचून ‘मध्येच बढती आणि मग पदावनती’ असं वाटतं. प्रत्यक्षात शेजाऱ्यांच्या निकालांनी तिची जागा हलत राहिली. (२०२० चा तो अंतिम सामना आणखी एका कारणाने लोकांच्या लक्षात आहे. वेस्टलेकचे प्रशिक्षक टॉड डॉज यांच्यासमोर साउथलेक कॅरल संघ घेऊन त्यांचाच मुलगा रायली डॉज उभा होता. वडील जिंकले.)

दोन वर्षांनी पुन्हा सगळी मांडणी

गट कायमचे नसतात. दर दोन वर्षांनी फेरमांडणी होते. विषम वर्षाच्या ऑक्टोबरअखेर एक दिवस ठरलेला असतो, त्या दिवशीचा पट शाळांनी कळवायचा. डिसेंबरच्या सुमारास यूआयएल सीमा जाहीर करते. मग सम वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी सगळ्या डिस्ट्रिक्टच्या याद्या बाहेर येतात.

त्या सकाळी राज्यभरातले प्रशिक्षक आपापल्या विभागीय केंद्रावर जमलेले असतात. यादी हातात पडताच पुढचं काम सुरू होतं: साखळीबाहेरचे सामने ठरवणं. नियमित मोसमात दहा सामने. डिस्ट्रिक्टमध्ये आठ शाळा असतील तर सात सामने आपोआप लागले, तीन बाहेर शोधायचे. सहाच शाळा असतील तर पाच शोधायचे. त्यामुळे त्या दिवशी सभागृहात ‘सप्टेंबरचा दुसरा शुक्रवार मोकळा आहे का?’ अशी विचारणा टेबलाटेबलावर चाललेली असते. उशीर करणाऱ्याच्या वाट्याला चारशे किलोमीटरवरचा प्रतिस्पर्धी येतो.

सीमाही स्थिर नसतात. २०२० ते २०२२ साठी ६ए ची सीमा २,२२० होती, मग २,२२५ झाली, २०२४ मध्ये २,२७५. लोक वाढले की रेघ सरकते. म्हणून एखाद्या शाळेचा पट वाढूनही ती खालच्या गटात जाऊ शकते. रेघ तिच्याहून वेगाने सरकली, एवढाच त्याचा अर्थ.

‘आमची शाळा एका मुलाने वर ढकलली गेली’

ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यावर पूर्ण इलाज नाही. २०२२ मध्ये २,२२४ विद्यार्थ्यांची शाळा ५ए मधली सर्वांत मोठी ठरली असती. २,२२५ ची शाळा ६ए मधली सर्वांत लहान. एका प्रवेशाचा फरक, पण पहिली आपल्या गटात दांडगी आणि दुसरीसमोर तिच्या दुप्पट-तिप्पट शाळा.

खालच्या गटांत निदान वरून झाकण आहे. २ए मधली मोठ्यात मोठी शाळा लहानात लहान शाळेच्या अडीच पटींच्या आत असते. ६ए ला वरचं झाकण नाही. डॅलसच्या उत्तरेला ॲलन शहराने सगळ्या मुलांसाठी एकच हायस्कूल ठेवलं आणि ते सहा हजारांच्या पुढे गेलं. त्या शाळेने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी ओळीने तीन राज्य विजेतेपदं घेतली. तिचं अठरा हजार आसनांचं, सहा कोटी डॉलरचं स्टेडियम २०१२ मध्ये उघडलं, काँक्रीटला तडे गेल्याने २०१४ मध्ये बंद करावं लागलं आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालं.

तिथून फार दूर नसलेल्या फ्रिस्कोने उलट धोरण धरलं. एका हायस्कूलमध्ये साधारण एकवीसशेच मुलं मावतील असं बांधायचं आणि गाव वाढलं की नवी शाळा काढायची. २०२२ मध्ये तिथे बारावं हायस्कूल उघडलं. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या या गावात म्हणूनच शाळा ५ए आणि ६ए च्या रेघेच्या अवतीभवती असतात. नवी शाळा उघडली की जुनीचा पट उतरतो आणि गट बदलू शकतो. फ्रिस्कोला हे धोरण फुटबॉलमध्ये महागात पडतं असं म्हणणारे खूप आहेत. पण बारा शाळा म्हणजे बारा संघ, आणि मैदानात उतरायला मिळणारी मुलं कितीतरी जास्त. एका शाळेच्या भिंतीवर टांगायच्या करंडकांपेक्षा मला हा हिशोब अधिक पटतो.

‘मोठ्या शाळेपेक्षा श्रीमंत शाळा वरचढ ठरते, मग पटच का मोजता?’

हा सर्वांत दमदार आक्षेप आहे. दोन हजार मुलांची सुखवस्तू उपनगरातली शाळा आणि दोन हजारांचीच गरीब वस्तीतली शाळा एकाच गटात येतात. एकीकडे लहानपणापासून खासगी प्रशिक्षण, दुसरीकडे शाळा सुटल्यावर कामाला जाणारी मुलं. फोर्ट वर्थजवळच्या अलेडो शाळेने २०२३ पर्यंत बारा राज्य विजेतेपदं मिळवली, आणि ती काही राज्यातली सर्वांत मोठी शाळा नव्हे.

पट हे माप अपुरं आहे, हे मान्यच करायला हवं. तरी ते टिकून आहे, कारण पट मोजता येतो, तपासता येतो, त्यावर वाद घालता येत नाही. गावाची श्रीमंती किंवा परंपरा कोण मोजणार?

इतर राज्यांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत. इंडियानाने २०१३ पासून यशाचे गुण मोजायला सुरुवात केली: राज्य विजेतेपदाला चार, त्याखालच्या टप्प्यांना तीन, दोन, एक. दोन वर्षांत सहा गुण झाले की पट काहीही असो, संघ एक गट वर जातो. दक्षिण कॅलिफोर्नियात बाद फेरीचे विभाग मुख्यतः खेळातल्या कामगिरीवरून पाडतात, पटावरून नाही. त्याने सामने अटीतटीचे होतात हे खरं. पण मग साधारण मोसम गेलेला संघही खालच्या विभागात जाऊन विजेता होतो, आणि चांगलं खेळण्याचं बक्षीस म्हणून कठीण विभाग वाट्याला येतो. मुलं दरवर्षी बदलतात, ही तर आणखी मोठी अडचण. ज्या बारावीच्या तुकडीने करंडक जिंकला ती कॉलेजात गेली, आणि वरच्या गटात मार खायला तिचे धाकटे भाऊ उरले.

खासगी शाळा कुठे बसतात?

खासगी शाळेला हद्द नसते. मूल कुठूनही येऊ शकतं. सरकारी शाळेला आपल्या भागातल्या मुलांवर भागवावं लागतं. म्हणून पट समान असला तरी जोड समान नाही, असं अनेकांचं म्हणणं.

टेक्सासमध्ये खासगी शाळांच्या संघटना वेगळ्या आहेत. डॅलस जेझुइट आणि ह्यूस्टनची स्ट्रेक जेझुइट या दोन शाळा तेवढ्या अपवाद; त्या यूआयएलमध्ये सर्वांत मोठ्या गटात खेळतात. इलिनॉयमध्ये खासगी शाळेचा पट १.६५ ने गुणतात, म्हणजे ८०० मुलांची शाळा १,३२० ची धरली जाते. फक्त मुलांची किंवा फक्त मुलींची शाळा असेल तर पट आधी दुप्पट करतात. ओहायो मूळ मोजणीतच फुटबॉलसाठी फक्त मुलगे धरते.

सरकारी शाळाही पत्ता बदलून खेळाडू गोळा करू शकतात, यावर टेक्सासचा नियम कडक आहे. मुलाने शाळा बदलली की जुन्या शाळेकडून लेखी माहिती मागवली जाते आणि बदल खेळासाठी केल्याचं ठरलं तर त्याला मुख्य संघातून एक वर्ष खेळता येत नाही. या कामाला फुटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या पालकांनी वेळ ठेवून लागावं. घर बदललं, कागद राहिला आणि पहिला सामना हुकला, असं नेहमी होतं.

‘बारा विजेते म्हणजे करंडकाची खिरापतच’

एकच विजेता काढायचा तर काय लागेल ते मोजून पाहा. बाराशे संघांची बाद फेरी संपायला अकरा फेऱ्या लागतात, कारण दहा फेऱ्यांत १,०२४ संघच मावतात. हा खेळ आठवड्याला एकाहून जास्त वेळा खेळता येत नाही. शरीर सावरायला दिवस लागतात. दहा सामन्यांच्या मोसमानंतर अकरा आठवडे म्हणजे जानेवारी सरत येईल. आज ६ए च्या प्रत्येक डिव्हिजनमध्ये ६४ संघ बाद फेरीत उतरतात आणि सहा फेऱ्यांत निकाल लागतो. तरीही विजेत्याचे एकूण सोळा सामने होतात, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी तेवढे पुष्कळ झाले.

एकच विजेता असण्याचे दिवसही टेक्सासने पाहिले आहेत. १९२० च्या मोसमाचा पहिला राज्य अंतिम सामना ह्यूस्टन हाइट्स आणि क्लीबर्न यांच्यात झाला, ०-० असा सुटला आणि दोघे संयुक्त विजेते ठरले. पुढे गट आले. १९८० पासून १ए ते ५ए अशी नावं होती, २०१४ मध्ये ६ए ची भर पडली.

महाराष्ट्र केसरीत गादी आणि माती या दोन विभागांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात आणि गदा एकालाच मिळते. टेक्सासमध्ये तशी शेवटची कुस्ती नाही. डिव्हिजन १ आणि २ चे विजेते समोरासमोर येत नाहीत. ‘राज्यातला सर्वोत्तम संघ’ ही वर्तमानपत्रांच्या क्रमवारीतली चर्चा असते. तिला करंडक नाही.

तुमचं मूल फुटबॉल खेळत नसलं तरी

गटवारी फक्त मैदानापुरती नाही. यूआयएल मार्चिंग बँड, एकांकिका, गणित, शुद्धलेखन, वादविवाद अशाही स्पर्धा भरवते आणि तिथेही १ए ते ६ए हीच मोजपट्टी चालते. प्लेनो, अर्व्हिंग किंवा केटीत राहणाऱ्या मराठी मुलांचा यूआयएलशी संबंध फुटबॉलपेक्षा बँडच्या किंवा गणिताच्या स्पर्धेतून येण्याची शक्यता जास्त.

डिव्हिजनचे भाग मात्र फुटबॉलचे वेगळे असतात. फुटबॉलच्या यादीत शाळा ‘५ए डिव्हिजन १’ दिसली, म्हणून बाकी स्पर्धांतही तेच प्रतिस्पर्धी असतील असं नाही. फेब्रुवारीत यूआयएलच्या संकेतस्थळावर फुटबॉलची यादी वेगळी आणि इतर स्पर्धांची वेगळी लागते. आपल्या शाळेचं नाव दोन्हींत शोधावं, शेजारचा पटाचा आकडा बघावा आणि तो जाहीर झालेल्या रेघेपासून किती दूर आहे ते ताडून पाहावं. शंभर-दीडशेच्या आत असेल आणि गावात नवं हायस्कूल बांधलं जात असेल, तर दोन वर्षांनी गट बदलण्याची तयारी आत्तापासून ठेवावी.